यंत्र घ्या, पण वही सोडू नका!

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम कड्यावर, नाणेघाटातल्या लेण्यात, सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध शिलालेख आहे. यज्ञप्रसंगी दान दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण यांची गणती त्यात अंकांमध्ये कोरलेली आहे. या देशात अंक लिहून ठेवल्याची जी अत्यंत जुनी उदाहरणे आज उपलब्ध आहेत, त्यांत या लेखाची गणना होते. त्याच तालुक्यातील जुन्नरच्या लेण्यांत धान्याचे व्यापारी, बांबूचे काम करणारे, काशाची भांडी घडविणारे अशा धंदेवाल्यांच्या श्रेणींचे उल्लेख सापडतात. कोणी काय दिले आणि कोणाकडे काय सोपविले, हे त्या लोकांनी पाषाणावर नोंदवून ठेवले. सुमारे दोन हजार पावसाळे त्या अक्षरांवरून वाहून गेले, तरी तो हिशेब अजून वाचता येतो. आणि आज? आज त्याच मुलखातील एखाद्या दुकानदाराचा मोबाईल विहिरीत पडला, तर गेल्या वर्षभराच्या उधारीचा सारा हिशेब त्याच्याबरोबर तळाला जाऊन बसतो! याला प्रगती म्हणावयाचे की अधोगती?

आम्ही हे यंत्राची निंदा करण्यासाठी लिहीत नाही. यंत्र आले ते चांगलेच झाले. २०१६ साली यूपीआयची पद्धत सुरू झाली, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, पुढल्या वर्षी १ जुलैला वस्तू व सेवा कर आला, आणि हां हां म्हणता खेड्यातल्या चहाच्या टपरीवरही काळ्यापांढऱ्या चौकटींचा तो फलक झळकू लागला, ज्याला आमचे लोक सरसकट 'स्कॅनर' म्हणतात. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, गल्ल्यातल्या चोरीचे भय कमी झाले, मुंबईला असलेल्या मुलाला गावच्या दुकानातून आईवडिलांसाठी किराणा भरता येऊ लागला. हे सारे आम्हांला मान्य आहे. आमची तक्रार निराळीच आहे. यंत्र दुकानात आले, पण त्याच्याबरोबर यावयास हवे होते ते शिक्षण आले नाही. यंत्र विकणारा आला, शिकविणारा आला नाही. आणि न शिकता हाती घेतलेले यंत्र धन्याची चाकरी करीत नाही, धन्यालाच चाकर करते.

उदाहरणादाखल आंबेगाव तालुक्यातील पारगाव घ्या. भीमाशंकर सहकारी साखर कारखाना या गावच्या दत्तात्रयनगरात उभा आहे. गळिताचा हंगाम सुरू झाला की ऊस वाहणाऱ्या गाड्यांची रीघ लागते, तोडणी मजुरांचे तळ पडतात, आणि त्या साऱ्यांच्या गरजा भागविणाऱ्या किराणा दुकानदाराला, पंक्चर काढणाऱ्याला, वेल्डिंगवाल्याला, खानावळ चालविणाऱ्या बाईला चार महिने डोके वर काढावयास सवड नसते. अशा गावातला लहान धंदेवाईक हा खरोखरी एकटा असतो. त्याच्याजवळ मुनीम नाही, वकील नाही, सनदी हिशेबनीस नाही. खरेदी त्याची, विक्री त्याची, वसुली त्याची आणि नुकसानही त्याचेच! त्याच्या हिताच्या चार गोष्टी सांगणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पहिली गोष्ट पैशाची. गिऱ्हाईक आपल्या मोबाईलचा पडदा पुढे करते आणि 'पैसे पाठविले' असे सांगते. तो पडदा हा पुरावा नव्हे! हुबेहूब तसाच पडदा दाखविणारी खोटी अॅप्स निघालेली आहेत. रक्कम जमा झाली की नाही हे आपल्याच खात्यात पाहावे, किंवा रक्कम मोठ्याने सांगणारी डबी दुकानात ठेवावी. मात्र ती घेण्यापूर्वी तिचे मासिक भाडे किती, हे आधी विचारून घ्यावे. रोज सकाळी दुकान उघडताना आपला स्कॅनरचा फलक एकदा हाताने चाचपून पाहावा, कारण रात्रीतून त्यावर दुसऱ्याच्या खात्याचा कागद चिकटवून जाणारे भामटे आहेत. आणि एक नियम तर पाटीवर लिहून ठेवावा, इतका महत्त्वाचा आहे: पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. जो कोणी 'तुम्हांला पैसे पाठवितो, तेवढा पिन टाका' असे म्हणेल, तो तुम्हांला देण्यासाठी आलेला नाही, नेण्यासाठी आलेला आहे.

दुसरी गोष्ट खात्याची. घरचे खाते आणि दुकानाचे खाते ही दोन निराळी ठेवा. ही सूचना वरकरणी क्षुल्लक वाटेल. पण २०२५ च्या जुलै महिन्यात शेजारच्या कर्नाटकात काय झाले, ते आठवा. तिथल्या विक्रीकर खात्याने यूपीआयने जमा झालेल्या रकमांची बेरीज मांडली आणि हजारो लहान विक्रेत्यांना कराच्या नोटिसा धाडल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्यालासुद्धा लाखोंची नोटीस गेली! ताज्या भाजीवर हा कर नसतो. भावाने पाठविलेले पैसे, मित्राकडून घेतलेले हातउसने, मुलीच्या लग्नासाठी आलेली मदत यांवरही तो नसतो. पण बेरीज करणाऱ्या यंत्राला भाऊ कळत नाही, मित्र कळत नाही आणि भाजीही कळत नाही. बंगळूरच्या दुकानांतून स्कॅनर उतरले, 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या, आणि अखेर मुख्यमंत्र्यांना जुनी थकबाकी वसूल करणार नाही असे जाहीर करणे भाग पडले.

यातून धडा कोणता घ्यावयाचा? 'यूपीआय बंद करा' हा धडा नव्हे. वस्तूंच्या विक्रीत वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांवर आणि सेवेच्या धंद्यात २० लाखांवर गेली, तर आपल्या राज्यातही नोंदणी करावी लागते, मग पैसे रोखीने येवोत की मोबाईलवर. धडा असा की, ज्याच्याजवळ स्वतःची वही आहे, तोच सरकारच्या बेरजेला उत्तर देऊ शकतो. दुकानाचे खाते वेगळे असेल, खरेदीच्या पावत्या जपून ठेवल्या असतील, रोजची विक्री रोज लिहिली असेल, तर नोटीस आली तरी झोप उडण्याचे कारण नाही. केरळात २०२३ मध्ये लहान दुकानदारांची खाती गोठविली गेल्याची ओरड झाली होती. कुठल्या तरी भामट्याचा पैसा फिरत फिरत त्यांच्या खात्यात आला, एवढाच त्यांचा अपराध! अशा प्रसंगी घरचे खाते वेगळे असले, तर निदान चूल तरी पेटती राहते. आणि मोठ्या रकमेचे बिल लिहिलेले असले, तर 'हा पैसा मालाचा आहे' हे पोलिसांपुढे आणि बँकेपुढे सिद्ध करता येते.

तिसरी गोष्ट वहीची. उधारीचा हिशेब ठेवणारी, मालाचा साठा मोजणारी, बिले करणारी अॅप्स आता मराठीतही मिळतात. ती अवश्य वापरावीत. परंतु वापरण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: माझा हिशेब मला हवा तेव्हा बाहेर काढता येतो काय? जे अॅप हिशेब आत घेते पण बाहेर देत नाही, ते तुमची वही नव्हे. ती परक्याच्या कोठारात ठेवलेली तुमची वही आहे. म्हणून महिन्याच्या अखेरीस हिशेबाची एक प्रत काढून ती कागदावर छापून घ्यावी आणि दुसरी आपल्या स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवावी. दुकान बंद करताना दहा मिनिटे काढून गल्ल्यातली रोकड, खात्यात जमा झालेली रक्कम आणि दिवसाची विक्री यांचा मेळ घालावा. आमच्या जुन्या व्यापाऱ्यांचा रोजमेळ तो हाच! मोबाईलने बेरीज सोपी केली आहे. मेळ घालण्याची जबाबदारी मात्र त्याने घेतलेली नाही. मोबाईल हरवला, तर सिम बंद करणे, बँकेला कळविणे आणि २०२३ साली सुरू झालेल्या 'संचार साथी' या सरकारी सोयीवर तो मोबाईलच निकामी करविणे, ही तिन्ही कामे त्याच दिवशी उरकावीत. अर्थात सिम स्वतःच्या नावावर असले तरच हे सुरळीत होते. पुतण्याच्या नावाच्या सिमवर चाललेला धंदा हा पुतण्याच्या मर्जीवर चाललेला धंदा आहे, हे विसरू नका.

चौथी गोष्ट काट्याची. तराजू गेले आणि विजेचे काटे आले. काट्याचे आकडे लाल दिव्यांत उमटतात म्हणून ते खरेच असतात, असे नाही. काटा तिरका बसला, ओला झाला, त्याच्यावर धक्के बसले की तो चुकू लागतो. आणि चुकलेला काटा गिऱ्हाइकाला लुबाडतो किंवा धन्याला बुडवितो, तिसरे काही करीत नाही. काट्याच्या तळाशी पाण्याच्या बुडबुड्याची जी खूण असते, ती मध्यभागी आहे की नाही हे पाहावे, सकाळी काटा शून्यावर आहे याची खात्री करावी आणि एक खरे वजन नेहमी जवळ ठेवून आठवड्यातून एकदा पडताळून पाहावे. विजेचा काटा वैधमापन खात्याकडून दर बारा महिन्यांनी तपासून घेऊन त्यावर मुद्रा करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. हा खर्च नव्हे, ही अब्रूची किंमत आहे. टोमॅटोच्या क्रेटमागे अर्धा किलो इकडेतिकडे झाले, तर शेतकरी ते वर्षभर विसरत नाही.

पाचवी गोष्ट नावाची आणि पत्त्याची. ही तर पारगावकरांनी विशेष ध्यानात घ्यावी. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून एकच पारगाव नाही! जुन्नरात पारगाव तर्फे आळे आहे, पारगाव तर्फे मढ आहे; आंबेगावात पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक आहे आणि पारगाव तर्फे खेडही आहे. जिल्ह्यात इतरत्र आणखी पारगावे आहेत, ती वेगळीच. पूर्वीच्या महसुली व्यवस्थेत 'तर्फ' हा शब्द लावून आमच्या पूर्वजांनी हा घोटाळा केव्हाच मिटविला होता. पण मोबाईलवर पत्ता भरताना आम्ही तोच शब्द गाळतो, आणि मग दौंडच्या पारगावला जावयाचे पार्सल आंबेगावात येते आणि आंबेगावचे दौंडला जाते! तेव्हा नोंदणी, बिल, पाटी, सगळीकडे पूर्ण नाव, तालुका आणि पिनकोड लिहावा. गुगलच्या नकाशावर दुकानाची जागा नोंदविण्यास पैसा लागत नाही. पण ती नोंद स्वतःच्या ईमेलने करावी. मोबाईल दुकानातल्या पोराने आपल्या नावावर केलेली नोंद पुढे त्याच्याशिवाय बदलणे कटकटीचे होते, आणि तोवर तो पोरगा पुण्याला नोकरीला गेलेला असतो.

सहावी गोष्ट सरकारी कागदाची. लहान उद्योगांसाठी १ जुलै २०२० पासून 'उद्यम' नोंदणी सुरू झाली आहे. ती सरकारच्या स्वतःच्या संकेतस्थळावर संपूर्णतः विनामूल्य होते. आधार क्रमांकावर होते, कागदपत्रे जोडावी लागत नाहीत. असे असता तिच्यासाठी हजार-दोन हजार रुपये उकळणारी, सरकारी दिसणारी दुकाने इंटरनेटवर थाटलेली आहेत! या नोंदणीचा उपयोग कर्जासाठी तर होतोच. शिवाय जो लहान उत्पादक आहे किंवा दुरुस्ती, जोडकाम, वाहतूक अशा सेवा देतो, त्याला २००६ च्या कायद्याने एक मोठे शस्त्र दिलेले आहे. लेखी करार असला तरी त्याचे बिल ४५ दिवसांच्या आत चुकते झालेच पाहिजे, आणि करार नसेल तर १५ दिवसांत. न झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. मोठ्या गिऱ्हाइकाच्या दारात सहा सहा महिने खेटे घालणाऱ्या किती वेल्डिंगवाल्यांना हे ठाऊक आहे? केवळ मालाची खरेदीविक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हे विलंबाचे संरक्षण मिळत नाही, हेही त्याने जाणून असावे. उगाच भरवशावर राहू नये.

शेवटची गोष्ट सावधपणाची. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका येते, वाहनाचे चलन येते, वीज तोडण्याची धमकी येते. आणि तिच्या पोटात एक अॅप दडलेले असते. ते उघडले की मोबाईल दुसऱ्याच्या हातात गेलाच म्हणून समजा. ओळखीच्या माणसाकडून आली म्हणून पत्रिका उघडू नये, कारण त्याचाही मोबाईल लुटला गेलेला असू शकतो. कोणाच्या सांगण्यावरून आपला पडदा दुसऱ्याला दाखविणारे अॅप घेऊ नये. आणि इतके करूनही फसगत झालीच, तर लाजेपोटी दोन दिवस घरात बसू नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करावा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळविण्यापूर्वी अडविता आली, तरच ती परत मिळण्याची आशा असते. इथे मिनिटांना किंमत आहे.

हे झाले दुकानदाराचे कर्तव्य. पण सारा बोजा त्याच्याच डोक्यावर टाकून इतरांनी हात झटकावेत, हे आम्हांला साफ नामंजूर आहे. या परिसराकडे जरा पाहा! खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण अब्जावधी कोस दूरच्या ताऱ्यांची कुजबूज ऐकत उभी आहे. आर्वीला उपग्रहाशी बोलणारे देशातले आरंभीचे भूस्थानक १९७० च्या दशकातच उभे राहिले. अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतन आहे. नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे. आकाशाशी बोलण्याची सोय झाली. पण पारगावच्या दुकानदाराशी त्याच्या भाषेत बोलावयास कोणी नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पुणे जिल्ह्याची अग्रणी बँक म्हणून बँक ऑफ महाराष्ट्रावर काही उत्तरदायित्व आहे. या बँकेने, इतर बँकांनी आणि पतसंस्थांनी महिन्यातून एकदा, आठवडे बाजाराच्या दिवशी, मोठ्या गावांत आपला माणूस बसवावा. खाते गोठले तर ते का गोठले आणि ते मोकळे कसे व्हावयाचे, हे दुकानदाराला लेखी, मराठीत आणि त्याच दिवशी कळले पाहिजे. यंत्राचा आवाज ऐकवून त्याची बोळवण करणे ही सेवा नव्हे, चेष्टा आहे. करखात्याने नोटीस धाडण्यापूर्वी एकदा समज द्यावी. आधी शिक्षण, मग शासन, हा क्रम उलटा करू नये. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना गावोगाव पाठवून दहा दहा दुकानांचे हिशेब मांडून देण्याचे काम अभ्यासाचा भाग म्हणून दिले, तर त्या मुलांनाही पुस्तकाबाहेरचे शिक्षण मिळेल. आणि कारखाना, बाजार समिती, ग्रामपंचायत यांनी आपापल्या सभागृहाचे दार त्यासाठी उघडावे. यात अशक्य असे काय आहे? पैसा फारसा लागत नाही. लागते ती इच्छा.

आणि दुकानदार बंधुभगिनींनो, तुम्हीही एक निश्चय करा. दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तुम्ही नव्या वहीला हळदकुंकू वाहता. आता कित्येक ठिकाणी वहीशेजारी मोबाईलही ठेवला जातो. जरूर ठेवा. पण पूजा झाली की मोबाईल खिशात आणि कोरी वही कपाटात, असे होऊ देऊ नका. नवीन यंत्र दारात आले की त्याला तीन प्रश्न विचारा: तू बिघडलास तर तुला दुरुस्त कोण करील? तू हरवलास तर माझा हिशेब कुठे राहील? आणि तुझ्यासाठी जो हप्ता भरावयाचा, त्याहून अधिक तू मला वाचवून देतोस काय? तिन्ही उत्तरे पटली तर त्याला खुशाल घरात घ्या; न पटली तर विक्रेत्याला चहा पाजून वाटेला लावा.

नाणेघाटातल्या त्या अंकांना दोन हजार वर्षांत कोणी पुसू शकले नाही, याचे कारण ते ज्याच्या हिशेबाचे होते त्याने ते टिकतील अशा जागी लिहिले. तुमच्या कष्टांचा हिशेबही तितक्याच निगुतीने लिहा. यंत्र बदलत राहील. आजचे उद्या मोडीत निघेल. वही राहिली पाहिजे, आणि ती तुमच्याच हातात राहिली पाहिजे!